सौद्याचा क्रम, फाईलचा क्रम, छापलेला क्रम: सांगलीतल्या हळदीच्या एका रिपोर्टचं प्रकरण

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातलं एक हळदीचं अडत दुकान, नाव देत नाही. त्यांचं दिवसाच्या सौद्याचं सॉफ्टवेअर संध्याकाळी एक एक्सएमएल फाईल (माहिती टॅगांच्या आत टॅग अशी लिहिलेली) काढतं आणि एक्सएसएलटीची स्टाईलशीट, म्हणजे अशा फाईलचं हवं ते रूप करून देणारा प्रोग्राम, त्या फाईलवरून रिपोर्ट छापते. सगळं नीट चालू होतं. मग शेठनी एक साधी मागणी केली, लॉट दराप्रमाणे वरून खाली लावा आणि शेजारी एक रकाना द्या की वरच्या लॉटपेक्षा हा कितीनं कमी गेला. तो रकाना आला आणि आकडे असे काही आले की शेठनी कागद पुढं करून विचारलं, "ह्यो आकडा कुठनं काढला ओ?" मला हे प्रकरण बघायला बोलावलं तेव्हा प्रश्न एवढाच होता. आत गेल्यावर त्याच मुळाचे आणखी चार-पाच प्रश्न निघाले, ते सगळे इथं लिहितो.

आधी फाईल कशी आहे ते. वर सौदा, त्यात गाळा (दुकानाचे गाळे एकापेक्षा जास्त आहेत), गाळ्यात लॉट, आणि प्रत्येक लॉटमधे शेतकरी, जात, पोती, वजन, दर, खरेदीदार. टॅगची नावं खरोखरच मराठीत आहेत, एक्सएमएलला ते चालतं, १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालतं. एक्सपाथ म्हणजे फाईलमधला हवा तो भाग शोधायची भाषा, तिच्यातले अक्ष (शोधायच्या दिशा) आणि फंक्शन मात्र इंग्रजीत टाईप करायचे असतात, मी इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.

आणि एक गोष्ट यार्डाबाहेरच्यांसाठी. हळदीचा सौदा चालता असतो, खरेदीदार, अडते, मुनीम, हमाल असा सगळा घोळका एका लॉटवरून दुसऱ्या लॉटवर सरकत जातो आणि बोली तिथल्या तिथं होते. त्यामुळं कुठला लॉट कुणाच्या आधी गेला याला अर्थ असतो, मागच्या राजापुरीला (हळदीची एक जात) काय दर निघाला यावर पुढची बोली चढते-उतरते. मुनीम ज्या क्रमानं नोंद करतो त्याच क्रमानं लॉट फाईलमधे पडतात. म्हणजे या फाईलचा क्रम हीच एक माहिती आहे, ती कुठल्याही टॅगमधे लिहिलेली नाही, नुसती जागेत आहे.

ज्या मुलानं स्टाईलशीट लिहिली तो डेटाबेसवर काम करणारा, हुशार मुलगा. डेटाबेसच्या टेबलमधे ओळींना स्वतःचा क्रम नसतो, तुम्ही ऑर्डर बाय लिहिलं की क्रम तयार होतो आणि नाही लिहिलं तर जे येईल ते. एक्सएमएलमधे उलटं आहे. इथं प्रत्येक नोडला (टॅग, त्यातला मजकूर अशा प्रत्येक घटकाला) जन्मतःच एक जागा असते, फाईल वरून खाली वाचताना सुरुवातीचा टॅग ज्या क्रमानं भेटतो तो क्रम, त्याला डॉक्युमेंट ऑर्डर म्हणतात. आई आधी मग मुलं, थोरलं भावंड आपल्या सगळ्या पोराबाळांसकट धाकट्याच्या आधी. ही जागा तुमच्या क्वेरीनं बदलत नाही, सॉर्टनं बदलत नाही, कशानंच बदलत नाही, झाड (आईखाली मुलं अशी फाईलची सगळी रचना) नवीन बांधलं तरच बदलते. या प्रकरणात जे जे बिघडलं ते याच्याभोवतीच फिरतंय.

आता मूळ बिघाड. समजण्यापुरते चार लॉट घेऊ, एकाच गाळ्यातले. सौद्याच्या क्रमानं दर असे: पहिला १४२००, दुसरा १५६००, तिसरा १३८००, चौथा १५१००. दराप्रमाणे उतरत्या क्रमानं लावले की १५६००, १५१००, १४२००, १३८००. फरकाच्या रकान्यात पहिली ओळ मोकळी आणि मग ५००, ९००, ४०० यायला पाहिजे. आलं काय? उणे १४००, उणे १३००, तिसऱ्या ओळीत आकडाच नाही तर 'नॅन' (नॉट अ नंबर) असं छापलेलं, आणि शेवटी १८००.

स्टाईलशीटमधे फॉर-ईच (यादीतल्या एकेकासाठी तेच काम करणारी आज्ञा) होता, आत एक्सएसएल सॉर्ट, आणि फरकासाठी लिहिलेलं प्रिसीडिंग-सिब्लिंग::लॉट[1]/दर वजा दर. वाचताना अगदी बरोबर वाटतं, आधीचा भाऊ घे आणि त्याच्या दरातून माझा दर वजा कर. पण कुणाच्या आधीचा? प्रिसीडिंग-सिब्लिंग हा अक्ष झाडावर चालतो, फॉर-ईचच्या यादीवर नाही. सॉर्टनं फक्त नोडला भेट द्यायची पाळी बदलली, नोड आपल्या जागीच बसलेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसांची नावं तुम्ही उंचीप्रमाणे कागदावर उतरवली म्हणून रांगेतलं कुणी हललं का, आणि त्यातल्या एकाला विचारलं तुझ्या पुढं कोण, तर तो कागद बघणार नाही, रांगेतला पुढचा माणूस दाखवणार. इथं १५६०० वाल्या लॉटला विचारलं तुझ्या आधी कोण, त्यानं सौद्यातला आधीचा १४२०० वाला दाखवला, १४२०० वजा १५६०० म्हणजे उणे १४००. हिशोब चोख आहे, फक्त प्रश्न वेगळ्याच क्रमाला विचारला गेलाय.

ते 'नॅन' जे आलं ना, खरी खूण तीच होती. छापलेल्या यादीत ज्याच्या वर काही नाही ती पहिली ओळ, म्हणजे मोकळं काही यायचं असेल तर ते पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं, आणि आलं तिसऱ्या ओळीत, जिथं १४२०० वाला बसला होता, जो सौद्यातला पहिला लॉट. त्याला आधीचा भाऊच नाही, रिकाम्या नोड-सेटचा आकडा करायला गेलं की नॅनच मिळतो. पूर्ण दिवसाच्या रिपोर्टमधे तर जितके गाळे तितके नॅन निघाले, कारण भावंडं एकाच आईची, प्रत्येक गाळ्यातल्या पहिल्या लॉटला आधीचं कुणी नसतं. असा रिपोर्ट कुणाच्या हातात आला तर आधी रिकामे खण कुठं पडलेत ते बघा, चुकीचे आकडे नंतर बघा, रिकामा खण सरळ सांगतो की प्रोग्राम कुठल्या क्रमावर चाललाय.

यात अजून गोंधळ वाढवणारी गोष्ट म्हणजे पोझिशन फंक्शन. त्याच फॉर-ईचमधे अनुक्रमांक छापायला पोझिशन वापरलं होतं आणि ते बरोबर १, २, ३, ४ असंच येत होतं, सॉर्टच्या क्रमानं. म्हणून त्या मुलाची खात्री होती की सॉर्ट लागलाय तर आधीचा लॉट पण त्याच क्रमातला असणार. पण पोझिशन हे चालू यादीतलं स्थान सांगतं आणि प्रिसीडिंग-सिब्लिंग झाडातलं. एकाच ओळीत दोन वेगळ्या क्रमांची माणसं शेजारी शेजारी बसलीत आणि दिसायला सारखीच दिसतात.

उपाय. दुकानात तेव्हा एक्सएसएलटीप्रॉक (xsltproc) हा प्रोग्राम वापरात होता, त्यात फक्त १.० आवृत्ती चालते, १९९९ ची. १.० मधे सॉर्ट केलेली यादी हातात धरून ठेवायची सोय नाही, म्हणून दोन फेऱ्या करायच्या: पहिल्या फेरीत लॉट सॉर्ट करून त्यांच्या कॉपी एका व्हेरिएबलमधे टाकायच्या, मग एक्सटेन्शनचं नोड-सेट फंक्शन वापरून त्या व्हेरिएबलचं परत झाड करायचं आणि त्या नव्या झाडावर दुसरी फेरी. नव्या झाडात सॉर्टचा क्रम हाच डॉक्युमेंट ऑर्डर असतो, त्यामुळं तिथं प्रिसीडिंग-सिब्लिंग::लॉट[1] अगदी हवं तेच देतं, एक अक्षर न बदलता. आणि सगळे गाळे मिसळून एकच यादी झाल्यामुळं नॅन पण फक्त पहिल्या ओळीत, तिथं एक अट घालून रेघ छापली.

एक फटका मात्र बसतोच या पद्धतीत. कॉपी केलेल्या लॉटला जुनी आई राहत नाही. गाळ्याचा नंबर ../ करून वरून काढत होते, तो रकाना एकदम रिकामा झाला. पहिल्या फेरीतच गाळ्याचा नंबर लॉटवर अॅट्रिब्युट (सुरुवातीच्या टॅगमधेच लिहिलेली माहिती) म्हणून लिहून घेतला तेव्हा आला. दोन फेऱ्यांचा मार्ग घेणाऱ्यानं आधी यादी करावी की आपण वरच्या नोडवरून काय काय उचलतोय.

नंतर दुकानानं सॅक्सन बसवलं, मायकेल के यांचा प्रोसेसर, आणि शीटवर आवृत्ती २.० लिहिली. दुसऱ्याच दिवशी रिपोर्टच्या डोक्यावर 'आजचा पहिला लॉट' इथं एक आकडा यायच्या ऐवजी तीन आकडे ओळीनं आले. सगळ्यांनी नव्या प्रोसेसरला दोष दिला, आणि तो बिचारा बरोबर होता. तिथं //लॉट[1] लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ 'सगळ्या लॉटमधला पहिला' असा होत नाही. दोन तिरक्या रेघा म्हणजे खाली जिथं जिथं नोड आहेत तिथं जा, आणि मग त्यांच्या मुलांतला पहिला लॉट घे, चौकटी कंस फक्त शेवटच्या पायरीला चिकटलाय. म्हणजे प्रत्येक गाळ्यातला पहिला लॉट, तीन गाळे तर तीन लॉट. १.० मधे व्हॅल्यू-ऑफला (मजकूर छापणाऱ्या आज्ञेला) असे अनेक नोड दिले की तो डॉक्युमेंट ऑर्डरमधल्या पहिल्याचा मजकूर छापतो आणि बाकीचे गुपचूप सोडून देतो, त्यामुळं इतकी वर्षं चुकीची क्वेरी बरोबर उत्तर देत होती. २.० मधे व्हॅल्यू-ऑफ सगळे छापतो, मधे जागा सोडून. दुरुस्ती (//लॉट)[1]. कंसानं आधी सगळे लॉट एका यादीत येतात, मग त्यातला पहिला.

आता हा कंसाचा धडा मिळाल्यावर कुणीतरी उत्साहानं बाकीच्या ठिकाणी पण कंस घातले, आणि 'मागचा राजापुरी लॉट' हा रकाना पडला. (प्रिसीडिंग-सिब्लिंग::लॉट)[1] झालं होतं तिथं. हा मुद्दा जरा सावकाश वाचा, मला सगळ्यात जास्त लोक इथं अडखळलेले दिसलेत. प्रिसीडिंग-सिब्लिंग, प्रिसीडिंग, अॅन्सेस्टर हे उलटे अक्ष आहेत, पायरीच्या आत मोजणी जवळून लांब होते, म्हणून कंसाशिवाय [1] म्हणजे सगळ्यात जवळचा मागचा. पण पायरी संपून यादी हातात आली की ती डॉक्युमेंट ऑर्डरनंच मोजली जाते, म्हणून कंस घालून [1] म्हणजे सगळ्यात लांबचा, गाळ्यातला पहिला लॉट. एकच आकडा, एक कंस इकडं तिकडं, आणि उत्तर यादीच्या दुसऱ्या टोकाला. त्या रकान्यात प्रत्येक गाळ्यापुरता दिवसभर एकाच लॉटचा दर छापून येत होता आणि तो खरा दर असल्यामुळं लवकर कुणाला संशय पण आला नाही.

तिथंच अटींचा क्रम पण बघून घेतला. लॉट[जात='राजापुरी'][1] म्हणजे मागं जाताना भेटलेला पहिला राजापुरी. लॉट[1][जात='राजापुरी'] म्हणजे लगेच मागचा लॉट, तो राजापुरी असला तर, नाहीतर रिकामं. मधे परपेठ (बाहेरच्या पेठेतल्या) हळदीचा लॉट आला की दुसरी क्वेरी गप्प बसते.

रकान्यांच्या क्रमाचं प्रकरण वेगळंच. शेठना खरेदीदार आधी, मग पोती, मग दर असं पाहिजे होतं, शीटमधे तसंच लिहिलेलं, खरेदीदार | पोती | दर. छापून पोती, दर, खरेदीदार असंच येत राहिलं. उभी रेघ म्हणजे युनियन, ती नोड एकत्र करते आणि कुठल्या क्रमानं तुम्ही लिहिलंय याकडं बघतच नाही, फाईलमधे जो आधी तो आधी. २.० मधे स्वल्पविराम आला, खरेदीदार, पोती, दर असं कंसात लिहिलं की लिहिलेला क्रम टिकतो, कारण २००७ च्या एक्सपाथ २.० पासून उत्तर हा नोडचा संच राहिला नाही, ती क्रमवार मालिका झाली, सिक्वेन्स. १.० मधे राहायचं असेल तर तीन वेगळ्या ओळी लिहिणं हाच सरळ मार्ग.

स्वल्पविरामानं खूश होऊन पुढं गेले आणि (खरेदीदार, पोती, दर)/टेक्स्ट() लिहिलं, परत फाईलचा क्रम! कारण तिरकी रेघ. तिच्या उजवीकडनं नोड बाहेर आले की ती ते सगळे डॉक्युमेंट ऑर्डरमधे लावते आणि दुबार आलेले काढून टाकते, हे तिचं कामच आहे. गंमत म्हणजे तिथंच टेक्स्ट() च्या ऐवजी स्ट्रिंग() लिहिलं तर क्रम टिकतो, कारण आता बाहेर नोड येत नाहीत, नुसती अक्षरं येतात आणि अक्षरांना झाडात जागा नसते मग लावणार कशाच्या आधारानं. हे मला फार सुंदर वाटतं, नियम एकच आहे, ज्याला जागा आहे त्यालाच जागेप्रमाणे लावता येतं. पुढच्या ३.० आवृत्तीत उद्गारचिन्ह आलं, (खरेदीदार, पोती, दर) ! टेक्स्ट(), ते काहीही परत लावत नाही, जसं आलं तसं एकेकाला पुढं देतं. मूळच्या फरकाच्या रकान्याला पण हे लागू पडलं, २.० मधे परफॉर्म-सॉर्टनं सॉर्ट केलेली मालिका व्हेरिएबलमधे धरता येते, कॉपी करायची गरज नाही, आईपण शाबूत राहते, आणि आधीचा लॉट म्हणजे त्या मालिकेतला चालू नंबर वजा एक. पण त्याच व्हेरिएबलवर तिरकी रेघ टाकून /दर काढलेत की सगळा सॉर्ट पाण्यात, परत सौद्याचा क्रम.

सॉर्टचं पण थोडं सांगतो. कणीचा एक लॉट ९८०० नं गेला आणि तो उतरत्या यादीत सगळ्यात वर, १५६०० च्याही वर बसला. सॉर्टचा डीफॉल्ट अक्षराप्रमाणे आहे, ९ हे १ पेक्षा मोठं, संपलं. डेटा-टाईप नंबर लिहिल्यावर तो खाली गेला. त्यानंतर एका मुनीमानं दर मराठी आकड्यात टाकले, १५६०० असे, आणि ते लॉट सगळे एकत्र गोळा होऊन शेवटी गेले, कारण एक्सपाथच्या नंबर फंक्शनला फक्त इंग्रजी आकडे कळतात, 15600 कळतं, १५६०० दिलं की नॅन. ट्रान्सलेट फंक्शननं ०१२३४५६७८९ चे 0123456789 करून मग नंबर केला. सॉर्टमधली एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं आहे, ती स्टेबल असते, १.० मधे पण, म्हणजे सारख्या दराचे लॉट आपापसात सौद्याच्याच क्रमानं राहतात. शेठना हे आवडलं, त्यांना तसंच पाहिजे होतं आणि त्यासाठी काहीच लिहावं लागलं नाही.

शेतकऱ्याप्रमाणे पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद) काढताना पण हाच क्रम उपयोगी पडला. २.० च्या फॉर-ईच-ग्रुपमधे गट त्या क्रमानं येतात ज्या क्रमानं त्यांचा पहिला सभासद भेटला, म्हणजे ज्याचा लॉट आधी गेला त्याची पट्टी आधी निघते, आणि पट्टीसाठी थांबलेले शेतकरी साधारण त्याच क्रमानं येऊन उभे असतात.

शेवटचा प्रश्न दोन फाईलींचा. आवकेच्या दिवसांत सौदा सकाळी आणि दुपारी असा दोनदा निघतो तेव्हा फाईली दोन होतात. दोन्ही वाचून युनियन करून एकच यादी केली होती आणि सकाळ आधी, दुपार नंतर येत होती, म्हणून सगळे निवांत होते. यावर मात्र मी अडून बसलो. एका फाईलच्या आत क्रम पक्का असतो, पण दोन फाईलींमधे कुठली आधी हे स्पेसिफिकेशननं प्रोसेसरवर सोडलंय, एका रनमधे तो क्रम बदलणार नाही आणि दोन्हीचे नोड एकमेकांत मिसळणार नाहीत एवढीच हमी. प्रोसेसर बदलला, आवृत्ती बदलली की दुपार आधी येऊ शकते. म्हणून युनियन काढून स्वल्पविराम टाकला, आधी सकाळची फाईल मग दुपारची, स्पष्ट लिहून.

आणि मुळात फाईलमधेच लॉटवर बोलीचा नंबर लिहायला सुरू केला, क्रम नावाच्या अॅट्रिब्युटमधे. अॅट्रिब्युट एकमेकांच्या आगंमागं कसे येतील याचा भरवसा नसतो, त्यांच्या मांडणीतून काही सांगायला जाऊ नये, पण त्यांच्या आत लिहिलेला आकडा कुठं जात नाही, लॉट कॉपी होऊ दे, सॉर्ट होऊ दे, दुसऱ्या फाईलमधे जाऊ दे. दुपारच्या फाईलचा नंबर सकाळच्या शेवटच्या नंबराच्या पुढून सुरू होतो. मधे एखाद्या शेतकऱ्याला दर पटला नाही आणि लॉट सौद्यातून काढून घेतला तर त्याचा नंबर तसाच मोकळा सोडायचा, मागचे नंबर वर सरकवायचे नाहीत, हे मुनीमजींनी स्वतःहून सुचवलं आणि तसंच ठेवलंय.